काल घरात काय शिजलं होतं?

राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो : १९७२ ते २०१५

१९७२ म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेली गावंच्या गावं, कामावर वाटली जाणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो. त्याच साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत एक छोटं खातं उघडलं : राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो. इंग्रजी आद्याक्षरांनी एनएनएमबी. दुष्काळात किती क्विंटल धान्य आलं आणि किती वाटलं, हे सरकारला ठाऊक असतं. त्यातलं कोणाच्या ताटात किती पडलं, घरातल्या सगळ्यांत धाकट्या पोराच्या वाट्याला काय आलं, याची नोंद गोदामाच्या वहीत नसते. ब्यूरोचं काम तिथून सुरू व्हायचं होतं, आणि पाऊसपाणी चांगलं झालं तरी ते थांबणार नव्हतं.

लोक काय खातात याचा शोध त्याआधी झाला नव्हता असं नाही. ज्या संस्थेच्या छत्राखाली ब्यूरो आला तिचा उगम १९१८ सालचा. नीलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीचा तपास सुरू केला होता. पुढे त्यांनी उंदरांना देशातल्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण घालून पाहिलं. शिखांच्या जेवणावरचे उंदीर धष्टपुष्ट निघाले, मद्रासकडच्या भातावरचे किरकोळ. प्रयोग फार गाजला. पण पिंजऱ्यातल्या उंदराला घातलेलं सगळं तोच खातो. घरात कोण आधी जेवतं, कोण शेवटी, हा प्रश्न तिथे नसतो. तो प्रश्न वॉलेस आयक्रॉइड यांच्या काळात पुढे आला. ते १९३५ मध्ये कुन्नूरला आले आणि घरोघरी आहाराची पाहणी करायचा शिरस्ता पडला. भारतीय खाद्यपदार्थांत काय काय असतं याचे तक्ते १९३७ मध्ये निघाले ते त्यांच्याच हाताखाली. हेच आयक्रॉइड बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावर होते, ही गोष्ट पोषणशास्त्राच्या वर्गात फारशी सांगितली जात नाही. त्यांच्यानंतर संस्थेला पहिले भारतीय संचालक मिळाले ते डॉ. वि. ना. पटवर्धन. १९५८ मध्ये संस्था कुन्नूरची थंडी सोडून हैदराबादला उतरली, आणि १९६९ मध्ये, पन्नाशी पार करताना, तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळालं. तेव्हा संचालक होते डॉ. सी. गोपालन.

ब्यूरो का हवा होता हे समजायचं तर साठच्या दशकातलं प्रथिनांचं वेड आठवावं लागेल. जगातल्या गरिबांच्या आहारात प्रथिनं कमी आहेत, त्यामुळे मुलं खुरटतात, अशी तेव्हा जवळजवळ सर्वमान्य समजूत होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. आपल्याकडे सरकारी मॉडर्न ब्रेडमध्ये लायसिन मिसळलं जाऊ लागलं, प्रथिनयुक्त बाल-आहार तयार होऊ लागला. शेंगदाण्याच्या पेंडीपासून मासळीच्या पिठापर्यंत सगळ्यांतून प्रथिन काढायच्या योजना होत्या. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. फक्त गरिबाच्या घरी जाऊन मोजलेलं फार थोडं होतं.

हैदराबादच्या संस्थेने लहान मुलांचा आहार मोजला तेव्हा चित्र वेगळं दिसलं. मुलाला भात, भाकरी, डाळ जे काही मिळत होतं तेच मुळात अपुरं होतं. उष्मांक पुरेसे पण प्रथिनं कमी, असं मूल हुडकूनच काढावं लागे. पोटभर जेवण मिळालं असतं तर त्याच जेवणातून प्रथिनांचीही गरज बहुतेक भागली असती. आकडेशास्त्राच्या वाटेने याच निष्कर्षाला पोचलेले दुसरे गृहस्थ म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे. ते तेव्हा रोमला, जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधा प्रयोग केला. खेड्यातल्या मुलांना रोज गव्हाचं पीठ, साखर आणि तेल यांचा खाऊ दिला : ३१० किलोकॅलरी आणि प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. चौदा महिन्यांनी ही मुलं उंचीत आणि वजनात खाऊ न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली होती. १९७३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतल्या मुलासाठी पूरक आहाराचं माप होतं ३०० किलोकॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांचा आकडा अजून थोडा जुन्या समजुतीत अडकलेला दिसतो, पण योजनेचा भर महागड्या प्रथिन-पावडरीवरून स्थानिक धान्य-डाळीकडे वळला होता. पुढे २००९ मध्ये हे माप ५०० किलोकॅलरी झालं.

या वातावरणात ब्यूरोची पथकं बाहेर पडली. सुरुवातीची राज्यं दहा : आंध्र प्रदेश, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल. प्रत्येक राज्यात एक छोटं पथक, त्यात एक डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ, एक समाजशास्त्राचा माणूस. प्रशिक्षण हैदराबादला, सगळ्यांचं सारखंच. कारण केरळातल्या आणि विदर्भातल्या माणसाने एकच प्रश्न एकाच पद्धतीने विचारला नाही तर पुढची सगळी बेरीज फुकट.

प्रश्न दिसायला अगदी साधा : काल घरात काय शिजलं होतं? विचारायचा तो स्वयंपाक करणाऱ्या बाईला. सोबत ठरावीक मापाच्या वाट्या-चमच्यांचा संच. कच्चा शिधा किती काढला, ते आधी नोंदवायचं. मग शिजल्यावर तो किती झाला, ते बाईला आपल्या भांड्यात दाखवायला सांगून वाट्यांनी मोजायचं. मग कोणाला किती वाढलं, ते एकेकाच्या नावाने. समजा पाव किलो तूरडाळीची आमटी शिजून बारा वाट्या भरली आणि धाकट्याने त्यातली अर्धी वाटी भातावर घेतली, तर त्याच्या पोटात गेली जेमतेम दहा ग्रॅम डाळ. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ३० ग्रॅम हवी असं परिषदेचं शिफारसपत्रक म्हणतं. आई मात्र 'रोज डाळ खातो की' असं सांगणार, आणि ती खोटं बोलत नसते.

या पाहणीतल्या खाचाखोचा पुस्तकात चार ओळींत येतात, गावात त्या दिवस खातात. एकादशी किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'काल' विचारून उपयोग नाही. सणाचे, उपासाचे आणि पाहुण्यारावळ्यांचे दिवस वगळायचे. पाहुणा जेवून गेला असेल तर त्याचं जेवण वजा करायचं. शेतावर नेलेली भाकरी, मुलाने शेजारी खाल्लेली लाडवाची फोड, रानातून आणलेली बोरं, हे सगळं विचारून विचारून काढायचं. काही घरांत तराजू घेऊन दिवसभर बसायचं आणि शिजण्याआधीच वजन करायचं, म्हणजे आठवणीवर घेतलेल्या उत्तरांशी ताळा जमतो. घराघरांची तुलना करता यावी म्हणून माणसांचं एका मापात रूपांतर होई. बैठं काम करणारा पुरुष म्हणजे एक एकक, जड काम करणारा १.६, बैठं काम करणारी बाई ०.८, दोन वर्षांचं मूल ०.४. या अपूर्णांकांकडे पाहून कोणाला हसू येईल. पण त्यांच्याशिवाय सात माणसांचं खटलं आणि दोन म्हाताऱ्यांचं घर एका रांगेत बसत नाही.

आहाराची वही मिटली की वजनकाटा आणि उंचीची पट्टी बाहेर येई. डॉक्टर मुलांचे डोळे तपासत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा करडा डाग दिसला तर ती 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण. डॉक्टरांच्या भाषेत बिटॉट स्पॉट. ओठांचे कोपरे, जीभ, केस, पायांवरची सूज, सगळं एका तक्त्यात.

या पद्धतीची किंमत लगेच कळली नाही, कळणारही नव्हती. एका पाहणीतून फार तर एक फोटो मिळतो. ब्यूरोने १९७५ ते ७९ या काळात जी गावं पाहिली होती त्यांतल्या बऱ्याच गावांत तो १९८८ ते ९० मध्ये पुन्हा गेला, आणि तिथे एक कोडं समोर आलं. आहार जवळजवळ होता तिथेच होता. ग्रामीण भागात दर उपभोग-एककामागे उष्मांक २३४० होते ते २२८३ झाले, म्हणजे थोडे घसरलेच. पण शाळेआधीच्या वयाच्या मुलांतलं तीव्र कुपोषण, म्हणजे वयाच्या मानाने वजन प्रमाणाच्या ६० टक्क्यांहूनही कमी असणं, १५ टक्क्यांवरून ८.७ टक्क्यांवर आलं होतं. जेवण तेच, मग मुलं कशी सावरली? लसीकरण, हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी, दुष्काळी कामांवर मिळणारी मजुरी, विहिरीऐवजी हातपंप, अशी अनेक कारणं पुढे केली गेली. एकच कारण निर्विवाद ठरलं नाही. माझ्या मते ब्यूरोच्या कामातली सर्वांत मोलाची जागा हीच आहे. मुलाचं वजन हा केवळ पोटाचा हिशेब नसतो, हे त्या दोन तक्त्यांनी सरकारी कागदावर आणलं. पोषण आहाराचं खातं एकीकडे आणि लसीकरणाचं दुसरीकडे, असं चालणार नाही हे त्यातून दिसत होतं. खाती मात्र वेगवेगळीच राहिली.

उष्मांकांची घसरण पुढे वाढतच गेली. १९९६-९७ मध्ये आकडा २१०८ वर होता आणि २००५ च्या आसपास १९०७ वर. शिफारस होती २४२५ ची. देशाचं उत्पन्न वाढतंय, धान्याची कोठारं भरलेली आहेत, आणि गावातला माणूस कमी खातोय? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या खर्चाच्या आकड्यांतही हाच उतार दिसत होता, त्यामुळे ब्यूरोची मोजणी चुकली असं म्हणायला जागा उरली नाही. अँगस डीटन आणि जाँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये या दोन्ही आकडेवाऱ्या एकत्र ठेवून मांडणी केली. शेतीतलं अंगमेहनतीचं काम घटलं, रोगराई कमी झाली, म्हणून गरजच थोडी कमी झाली असावी, हा त्यातला एक तर्क. सगळ्यांना तो पटला नाही. मोठ्या माणसांची गोष्ट मात्र स्पष्ट होती : १९७५-७९ मध्ये निम्म्याहून जास्त प्रौढ उंचीच्या मानाने कृश होते, तीस वर्षांनी ते प्रमाण एक-तृतीयांशावर आलं, आणि त्याच गावांत लठ्ठपणा, रक्तदाब यांच्या नोंदी घ्यायची वेळ आली.

किती उष्मांक पुरेसे, हा वाद मराठी वाचकाला परका नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा २२५० किलोकॅलरींवर आखली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळे सरसकट रेषेखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणता येत नाही. पुण्यातल्या पुण्यात रंगलेल्या या वादात गोपालनही उतरले. 'लहान चणीचा पण निरोगी' हे माणसाला लावायचं विशेषण त्यांना मुळीच मान्य नव्हतं. प्रत्येक पक्षाच्या हाती कुठे ना कुठे पाहणीचेच आकडे होते. आकडे असले की वाद संपतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा वाद जरूर वाचावा. आकड्यांनी एवढंच झालं, की वाद कशावर आहे ते नेमकं कळलं.

कार्यक्रमांना पाहणीचा थेट उपयोग कुठे झाला, तर 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत. मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा डोस पाजायचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तोही याच संस्थेच्या संशोधनावर. बिटॉट स्पॉटचं प्रमाण १९७५-७९ मध्ये १.८ टक्के होतं, १९८८-९० मध्ये ०.७. श्रेय डोसचं की गोवर कमी झाल्याचं, यावर आजही दुमत आहे, कारण डोस सर्व मुलांपर्यंत पोचतच नव्हता. रक्तक्षयाची कथा याच्या उलट. गर्भवतींना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देणारा कार्यक्रमही १९७० चाच. ब्यूरोने २००३ मध्ये सूक्ष्म पोषकद्रव्यांची खास पाहणी प्रसिद्ध केली, त्यात सुमारे ७५ टक्के गर्भवती आणि दोन-तृतीयांश लहान मुलं रक्तक्षयी निघाली. तीन दशकं गोळ्या वाटून. असा आकडा आला की कार्यक्रमाने आपली पुरवठ्याची साखळी तपासावी, बाई गोळी का गिळत नाही हे विचारावं. आपल्याकडे बहुतेक वेळा झालं ते असं, की लक्ष्य वाढवून नवा कार्यक्रम निघाला.

उणिवाही सांगायला हव्यात. नावात 'राष्ट्रीय' असूनही पंजाब, बिहार, आसाम ब्यूरोच्या नकाशावर नव्हते. आदिवासी भागांच्या वेगळ्या पाहण्या झाल्या, १९८५-८७, १९९८-९९ आणि २००७-०८ अशा, आणि त्या फार महत्त्वाच्या आहेत. पण जिल्हाधिकाऱ्याने 'माझ्या जिल्ह्याचं काय?' असं विचारलं तर ब्यूरोकडे उत्तर नव्हतं. नमुना राज्यापुरता, जिल्ह्यापुरता नव्हे. आणि अहवाल उशिरा येत. ते वाचायला मिळणं त्याहून अवघड. ब्यूरोची पंचवीस वर्षं झाली तेव्हा संस्थेने काढलेला आढावा-ग्रंथसुद्धा पोषणाच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणी पाहिलेला नसेल.

महाराष्ट्राला ही अडचण नेमकी भोवली. २००५ मध्ये औरंगाबादला मुख्यालय ठेवून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. मिशन चाललंय की नाही हे सांगणारी ताजी पाहणी हाती नव्हती. तिसरं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २००५-०६ चं, चौथं कधी होणार ते ठरलेलं नव्हतं. म्हणून राज्याने युनिसेफच्या मदतीने देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून २०१२ मध्ये स्वतःची पाहणी करून घेतली. दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांच्या घरात आल्याचं तिने सांगितलं. जगभर वाहवा झाली. मग २०१५-१६ चं चौथं सर्वेक्षण आलं. पाच वर्षांखालच्या मुलांत खुजेपण ४६.३ वरून ३४.४ टक्क्यांवर उतरलं होतं हे खरं, पण उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, लुकडी मुलं १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर चढली होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणातही तोच २५.६. २०१२ ची पाहणी आणि चौथं सर्वेक्षण यांची वयोगटाची चौकट वेगळी, मोजणारे वेगळे, महिने वेगळे. पावसाळ्यात मोजलेलं मूल आणि सुगीनंतर मोजलेलं मूल यांची वजनं सारखी नसतात. तरी एका पाहणीचा फलक मंत्रालयात लागतो आणि दुसरीवर विधानसभेत गदारोळ होतो. दोन्हीकडे तोच निष्काळजीपणा आहे.

ब्यूरोची ताकद इथे आठवते. तेच माप, तीच वाटी, तोच प्रश्न, चार दशकं. २०११-१२ मध्ये ग्रामीण भागाची आणि २०१५-१६ मध्ये शहरांची शेवटची फेरी झाली. त्याच सुमारास, २०१५ मध्ये, ब्यूरो बंद झाला.

त्याने सोडलेली जागा निरनिराळ्या पाहण्यांनी तुकड्यातुकड्याने भरली. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत पोचलं, पण ते बाईला दूध-डाळ-अंडी आठवड्यातून कितीदा खाता हे विचारतं, वाटीने मोजत नाही. २०१६ ते १८ या काळात एक लाखाहून अधिक मुलांची सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणी झाली. तिने शिरेतून रक्त घेऊन तपासलं आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के असल्याचं सांगितलं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेणाऱ्या पाचव्या कुटुंब सर्वेक्षणात जवळपास त्याच वयाचा आकडा ६७ टक्के आहे. एवढ्या अंतरावर बसून देशाने रेशनच्या तांदळात लोह मिसळायचा निर्णय घेतला आणि त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून झाली. खेड्यातला माणूस रोज किती ग्रॅम डाळ आणि किती भाजी खातो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अहवालात वाचायला मिळतं; त्यातले आकडे ब्यूरोच्या शेवटच्या फेऱ्यांचेच आहेत. रक्तक्षयाची तपासणी आता सहाव्या कुटुंब सर्वेक्षणातून काढून त्याच संस्थेच्या आहार व जैवनिर्देशक पाहणीकडे सोपवली आहे. तिच्या पथकांचं कामही पुन्हा घरोघरी काय शिजलं ते मोजण्याचंच आहे, आणि गावांच्या तुलनेला ब्यूरोचा मागचा आकडा २०११-१२ चाच आहे.